मदत हवी आहे: कॅराव्हॅन लावायच्या जागी विकतचं वायफाय घ्यावं का? (ताडोबा, कोलारा बाजू)

कपाशीचं बोंड

नमस्कार मंडळी,

मी हिंगणघाटचा, एका जिनिंगचे हिशेब बघतो. डिसेंबरात कापसाची आवक जोरात असते, त्यामुळे सुट्टी मिळणं मुश्किलच. पण मुलगी यंदा बारावीला आहे. पुढच्या वर्षी ती कोणत्या गावी शिकायला असेल ते आज सांगता येत नाही, म्हणून १८ ते २२ डिसेंबर अशा चार रात्री काढल्या आहेत. नागपूरहून कॅराव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) भाड्यानं घेतली आहे आणि वरोरा-चिमूर रस्त्यानं ताडोबाच्या कोलारा गेटकडे जायचं ठरलंय. बफरमधल्या (जंगलाच्या गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या) एका शेतावर गाडी लावायची सोय आहे: लाइटचं कनेक्शन, पाणी, संडास-बाथरूम.

प्रश्न वायफायचा आहे. जागेचे मालक एका मोबाइलला दिवसाचे १५० रुपये सांगतात. आम्ही तिघं, म्हणजे तीन मोबाइल आणि एक लॅपटॉप. चार दिवसांचे सरळ २४०० होतात. माझं महिन्याचं रिचार्ज साडेतीनशेच्या आसपास आहे आणि त्यात रोजचे २ जीबी मिळतात. त्यामुळे हा आकडा डोक्यात बसत नाही.

सिनेमे बघायला नेट नको आहे, दोन कामं मात्र अडतात. एक, जिनिंगचं जीएसटीआर-३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायची शेवटची तारीख २० आहे. तो भरताना ओटीपी जिनिंगच्या शेठच्या मोबाइलवर आणि ईमेलवर जातो, मग ते मला फोनवर सांगतात आणि मी टाकतो. तेवढ्या वेळात नेट तुटलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दोन, २१ तारखेला रविवारी सकाळी मुलीचा 'नीट'चा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) सराव पेपर आहे, ऑनलाइन, तीन तासांचा. मधे बंद पडला तर परत देता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही भंडारा जिल्ह्यात एका तलावाकाठी दोन रात्री राहिलो होतो. तिथे दिवसाला २०० रुपये मोजले आणि वायफाय फक्त ऑफिसच्या ओट्यावर चाललं. गाडी तिथून शंभरेक पावलांवर होती. रात्री दहाला शाल गुंडाळून, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून मी मोहाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होतो. मांडीवर लॅपटॉप, आणि पलीकडच्या धुऱ्यावर डुकरं धान उकरताना स्पष्ट ऐकू येत होती. बायको गाडीच्या दारात उभी राहून मला हाका मारत होती. ती रात्र मला पुन्हा नको आहे.

कोणी त्या बाजूला राहून आलंय का? पैसे द्यावेत का? द्यायचे तर आधी मालकांना काय विचारावं?

तारजोड

दादा, मी केबल आणि नेटचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशाआधी अंतर विचारा. गाडी उभी राहील तिथून वायफायचा डबा (राउटर) किती दूर आहे, आणि मधे काय आहे? कॅराव्हॅन म्हणजे पत्र्याची पेटी. पत्रा सिग्नल अडवतो, आत जातो तो बहुतेक काचेतून. काचेला धातूची चकाकणारी फिल्म असेल तर तेवढाही जात नाही. म्हणून मोठी खिडकी डब्याच्या दिशेला येईल अशी गाडी लावा. एवढ्यानंही बराच फरक पडतो.

मोबाइलमध्ये एकाच नावाचे दोन सिग्नल दिसले, तर लांबून २.४ गिगाहर्ट्झवाला पकडा. ५ वाला जवळून वेगवान असतो, पण पत्रा, भिंत, बांबूचं बेट मधे आलं की दम सोडतो.

दुसरं म्हणजे वेग कधी मोजायचा. मालक दुपारी बाराला स्पीडटेस्ट करून फोटो पाठवतील, तो खराच असेल. पण तेव्हा सगळे पाहुणे सफारीला गेलेले असतात किंवा झोपलेले. त्यांना म्हणा, शनिवारी रात्री आठला मोजून पाठवा. समजा १०० एमबीपीएसची (हे नेटच्या वेगाचं माप) लाइन आहे आणि तीस मोबाइल जोडले. एकेकाला चांगला व्हिडिओ बघायला साधारण ५ एमबीपीएस लागतात, म्हणजे झाले १५०. लाइन तिथेच गुदमरते. तुमची दोन्ही कामं वेगाची नाहीतच, रिटर्न आणि पेपर दोन्हीला डेटा अगदी थोडा लागतो. तुम्हाला लागते न तुटणारी लाइन. तेव्हा 'किती एमबीपीएस' विचारण्यापेक्षा 'लाइट गेल्यावर वायफाय चालू राहतं का' हे विचारा. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो. छोटा इन्व्हर्टर असला तरी तासन् तास ओढतो. नसेल, तर मुलीचा पेपर तिथे देऊ नका.

पळसफूल

ओटीपीचा एक मुद्दा माझाही. आम्ही गेल्या वर्षी दुसऱ्या एका अभयारण्याजवळ होतो. तिथलं वायफाय उघडलं की आधी मोबाइल नंबर मागायचं आणि मग ओटीपी. जागेवर आमच्या सिमचं नेटवर्क शून्य, त्यामुळे ओटीपीच येईना. पैसे देऊन वायफाय हातात आणि आत शिरता येत नाही. शेवटी नवऱ्यानं दोन किलोमीटर गाडी मागे नेली, तिथे एसएमएस आला. तुम्ही छापील कूपन मिळतं का ते नक्की विचारा. नाहीतर तुमचं वायफाय टॉवरवरच टांगलेलं आहे असं समजा. आणि शेठजींचा फोन तुम्हाला लागला पाहिजे, तोही टॉवरवरूनच. निघण्याआधी दुसऱ्या कंपनीचं एक सिम टाकून घ्या. मालकांनाच विचारा, गावात कोणतं चालतं म्हणून. ते खरं सांगतात, त्यांचाही धंदा त्यावरच आहे.

बफरवाला

राम राम भाऊ. मी बफरमधल्याच एका गावातला, आमच्या घरी चार खोल्या पाहुण्यांना देतो. तुमचा मोहाखालचा किस्सा वाचून पोटात गोळा आला, म्हणून लिहून राहिलो.

पहिलं सांगतो, बाकी सगळं नंतर. अंधार पडल्यावर वायफायसाठी गाडीतून उतरून चालत जाऊ नका. मी हात जोडून सांगतो. डिसेंबरात तूर माणसापेक्षा उंच असते, त्यात काय बसलंय ते दहा पावलांवरूनही दिसत नाही. आम्ही गावातली माणसं रात्री लघवीलाही दोघं मिळून, बॅटरी आणि काठी घेऊन जातो. मोबाइलकडे बघत चालणाऱ्या माणसाला आजूबाजूचं भान नसतं, आणि वाकून बसलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघापायी किती घरांनी माणसं गमावली ते पेपरात तुम्ही वाचताच. ऑफिसपाशीच वायफाय लागतं असं मालक म्हणाले, तर ते फुकट असलं तरी रात्री तुमच्या कामाचं नाही.

आता पैशाचं. १५० जास्त वाटतात, कबूल. आमची बाजूही ऐका. फायबर आमच्या गावात आली, पण रस्त्याच्या कामात जेसीबीनं एकदा तोडली की जोडणारा माणूस येईपर्यंत आम्ही ताटकळतो. मग पाहुणे आमच्यावर चिडतात. बॅटरी, इन्व्हर्टर, विजेपासून बचावाचं यंत्र, सगळं पदरचं. पावसाळ्यात दोन राउटर जळाले माझे. आणि घरगुती कनेक्शन असं परस्पर विकता येत नाही, करारात बसत नाही. त्यासाठी पीएम-वाणी नावाची योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं मंजूर केली. त्यात दुकानदार, होमस्टेवाला, कोणीही लायसन्सशिवाय आपल्या जागेवरून वायफाय विकू शकतो. फक्त नोंदणी झालेल्या एका जोडणाऱ्या कंपनीमार्फत. ती कंपनी लॉगिन आणि कूपनचं बघते. आमच्याकडे तसंच आहे, आणि छोटे डेटा पॅकही विकता येतात. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची विचारपूस वाढली आहे. पण शेतावर गाडी लावू देणाऱ्या कितीतरी जणांना पीएम-वाणी माहीत नाही.

तुम्ही चारही दिवसांचं घेऊ नका. ज्या दिवशी काम, त्या दिवसाचं घ्या. आणि एकाच मोबाइलवर घेऊन लॅपटॉपला चालतं का ते विचारा. आमचं कूपन आम्ही एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकू देतो. सगळेच देतील असं नाही. कोअरमधल्या सफारीत तर मोबाइल नेऊच देत नाहीत. सकाळी लवकर निघाला, दुपारच्या आत परत आला, तेवढ्या वेळाचं वायफाय घेऊन करता काय?

कपाशीचं बोंड

सगळ्यांचे मनापासून आभार. बफरवाले भाऊ, तुमचं पहिलं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. तिनं मोबाइल माझ्या हातातून घेऊन स्वतः परत वाचलं.

मालकांना फोन करून सगळं विचारलं. डबा जेवणाच्या शेडच्या खांबावर आहे आणि गाडीची जागा तिथून वीस पावलांवर. मधे फक्त एक कडुनिंब. इन्व्हर्टर आहे. कूपन चिठ्ठीवर छापून देतात, ओटीपी लागत नाही. शनिवारी रात्री आठला मोजून पाठवा म्हटलं तर ते आधी थांबले, मग म्हणाले, "पाठवतो, पण दुपारसारखं नसणार बरं." आकडा आला, दुपारच्या पावपट होता. पण त्यांनी तो न लपवता पाठवला म्हणून मला त्यांचा भरवसा वाटला. शनिवार आणि रविवार, फक्त लॅपटॉपसाठी, असे ३०० रुपये ठरले. दुसऱ्या कंपनीचं सिमही घेतलं.

कपाशीचं बोंड (परत आल्यावर)

काल रात्री घरी पोचलो. पुढे कोणी शोधत आलं तर उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

गुरुवार-शुक्रवार वायफाय घेतलंच नाही. नवीन सिमला खिडकीपाशी दोन काड्या येत होत्या, घरी खुशाली कळवायला तेवढं पुरलं. पहिल्या रात्री आम्ही तिघं शेकोटीला बसलो आणि मुलीनं दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून तिच्या मैत्रिणींबद्दल सांगितलं.

शनिवारी गाडी थोडी फिरवून मोठी खिडकी शेडकडे केली. आत बसून लाइन धड चालली. मी रिटर्न रात्रीवर न ठेवता दुपारी दीडला भरायला घेतला. ओटीपीसाठी शेठचा फोन पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, त्यांनी सहा आकडे दोनदा सावकाश वाचले आणि रिटर्न गेला. त्याच संध्याकाळी सातला मालकांच्याच मोबाइलवर व्हिडिओ गोल गोल फिरत होता, म्हणजे तारजोड दादांचं गणित बरोबर निघालं.

रविवारी पेपर सुरू होऊन तासभर झाला आणि लाइट गेली. मी दाराशी उभा होतो, पाय थरथरत होते. शेडमधला दिवा विझला, पण खांबावरच्या डब्यावरची हिरवी लाइट तशीच होती. आत मुलीला कळलंही नाही. पेपर पूर्ण झाला. बाहेर येऊन तिनं सगळ्यात आधी आईकडे पोहे मागितले.

कूपन त्या रात्री संपलं. नवीन घेतलं नाही.