दमा: विरळा नाही आणि नुसत्या धुळीचाही नाही

दमा तसा विरळाच आणि होतो तो धुळीमुळे, असं काहीजण म्हणतात. दोन्ही मुद्दे अर्धवट वाटले, म्हणून थोडी भर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी लोकांना दमा होता. मुलांच्या दीर्घकालीन आजारांत तर तो सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी एक.

धूळ हे बहुतेकदा निमित्त. मूळ दुखणं म्हणजे श्वासनलिकांना आतून कायम असलेली सूज. त्यामुळे त्या हुळहुळ्या होतात, आणि जरा काही खुपलं की भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो. माझ्या भावाला लहानपणी पहाटे तीनच्या सुमारास त्रास व्हायचा. पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसायचा. श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजायची. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं जड जातं, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

ही सूज का येते, याचं एकच एक उत्तर नाही. आनुवंशिकता असते (घरात इसब किंवा ॲलर्जिक सर्दी असेल तर शक्यता वाढते), बालपणी नाकाशी आलेला सिगारेटचा धूर असतो, काहींना पिठाच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या कामातून मोठेपणी जडतो. निमित्तं मात्र ज्याची त्याची वेगळी: गादीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशी, थंड हवा, साधी सर्दी, काहींना चक्क ॲस्पिरिन.

आणि हो, दमा संसर्गजन्य नाही. भावाचा पेला वेगळा ठेवणारे नातेवाईक आम्हीही पाहिलेत!