सिग्नस ए: केंद्रक धुळीआड असूनही झोत बाहेर कसे पडतात?

प्रश्न
हंस तारकासमूहातील सिग्नस ए या रेडिओ दीर्घिकेच्या (रेडिओ तरंगांत प्रखर दिसणाऱ्या दीर्घिकेच्या) व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमेत केंद्रकातून निघालेला द्रव्याचा बारीक झोत आणि दोन्ही बाजूंचे तेजस्वी रेडिओ फुगारे स्पष्ट दिसतात. दृश्य प्रकाशात मात्र क्वासारसारखे (कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्यामुळे अतिशय तेजस्वी झालेल्या केंद्रकासारखे) प्रखर केंद्रक आढळत नाही, कारण ते धुळीआड दडले आहे, असे वाचले. ही धूळ झोताला का अडवत नाही? शिवाय जे दिसतच नाही ते क्वासार आहे, हे कशावरून ठरवले?

प्रतिसाद १
धूळ सर्व बाजूंनी सारखी नाही. केंद्रकातील कृष्णविवराभोवती वायू आणि धुळीचे जाड कडे असते व झोत त्याच्या अक्षाच्या दिशेने, म्हणजे मोकळ्या वाटेने, निघतात. सिग्नस ए मधील कडे आपल्याला बाजूने दिसते, म्हणून केंद्रक झाकले जाते. रेडिओ तरंगांची लांबी धूलिकणांच्या आकारापेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे ते तसेही धुळीतून सहज पार होतात. हे कडे २०१९ मध्ये व्हीएलएच्या निरीक्षणांत प्रत्यक्ष दिसले.

प्रतिसाद २
मला तुमचा दुसरा प्रश्न अधिक रंजक वाटतो. कड्याच्या उघड्या तोंडातून निसटलेला केंद्रकाचा प्रकाश बाहेरच्या धुळीवर आणि इलेक्ट्रॉनांवर विखुरतो, त्यातला थोडा आपल्याकडे वळतो आणि विखुरताना ध्रुवीभूत झाल्यामुळे (म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत आल्यामुळे) ताऱ्यांच्या प्रकाशातून वेगळा काढता येतो. केक दुर्बिणीने घेतलेल्या अशा ध्रुवीभूत वर्णपटात १९९७ मध्ये हायड्रोजनची अतिशय रुंद रेषा सापडली. इतकी रुंदी येण्यासाठी वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरत असला पाहिजे, आणि हीच क्वासारची खूण आहे. क्ष-किरणांची साक्षही जुळते: केंद्रकाकडून येणारे कमी ऊर्जेचे किरण शोषले जातात, अधिक ऊर्जेचे पोहोचतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण मग दोन झोतांपैकी एकच ठळक का?

प्रतिसाद १
झोतातील द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावते, त्यामुळे आपल्याकडे झुकलेल्या झोताचे तेज वाढते आणि दूर जाणाऱ्याचे घटते. झोत आपल्या रोखाने असता, तर कड्याच्या तोंडातून केंद्रकही दिसले असते आणि याच दीर्घिकेला आपण क्वासार म्हटले असते. खगोलशास्त्रज्ञ पीटर बार्थेल यांनी १९८९ मध्ये प्रबळ रेडिओ दीर्घिका आणि क्वासार यांचा मेळ याच तर्काने घातला होता.

प्रतिसाद ३
हा तर्क सरसकट लावू नये, एवढीच भर घालतो. एम ८७ या दीर्घिकेचा झोत प्रसिद्ध आहे, परंतु तिथे दडलेले क्वासार नाही. कृष्णविवरात पडणारे द्रव्यच थोडे असल्याने केंद्रक मुळातच मंद आहे.