‘पैसे नव्हते म्हणूनच विनोद होता’ हे मला मान्य नाही

कृष्णाकाठ (सांगली)

साताऱ्याच्या ‘चारभिंती’काकांचं परवाचं लिखाण वाचून दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही. ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी त्यातला गाभा एवढाच: ‘बाळ कर्वे गेले आणि त्या पिढीचा विनोद संपला. मुंबई दूरदर्शनच्या ‘गजरा’ या विनोदी कार्यक्रमाकडे दोन खुर्च्या, एक रंगवलेला पडदा आणि चार नट एवढंच होतं, तरी अख्खा महाराष्ट्र एकत्र बसून हसायचा. पैसे नव्हते म्हणूनच खरा विनोद होता. पैसा आला आणि विनोद गेला.’

काका, गजरा मलाही प्रिय. शाळेची चार वर्षं पुण्याला मामाकडे होते, तिथे एकही चुकवला नाही. पण ‘पैसे नव्हते म्हणूनच’ हे तीन शब्द मला सोसवत नाहीत. मी सत्तावीस वर्षं हौशी नाटकांचं नेपथ्य करते. हे शब्द माझ्या कानावर कधी पडतात? मानधनाचा विषय निघाला की. दोन वर्षांपूर्वी एका मंडळासाठी तीन अंकी नाटकाचं नेपथ्य उभं केलं. पोरांनी रात्री दोनपर्यंत फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, ठोकले, रंग वाळेना म्हणून पंखे लावून जागली. हिशेबाच्या वेळी पदाधिकारी म्हणाले, ‘अहो, पूर्वी नुसत्या पडद्यावर नाटकं व्हायची, काय अडलं?’ टेम्पोचं भाडं माझ्या पर्समधून गेलं. मांडव, जेवणावळ आणि शाल-श्रीफळाला मात्र पैसे होते.

गजरा उभा राहिला तो विनायक चासकरांसारखा नाटक कळणारा निर्माता होता म्हणून, आणि समोरचे नट रंगभूमीवर घासूनपुसून तयार झालेले होते म्हणून. चिमणराव-गुंड्याभाऊच्या मालिकेचंही तेच. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या हातात चिं. वि. जोशींचं लेखन होतं. त्या माणसांना आणखी चार पैसे मिळाले असते तर ती कमी हसवणार होती का?

चारभिंती (सातारा)

बाई, तुमच्या टेम्पोचं वाईट वाटलं, पण ते भाडं माझ्या माथी कशाला? मी कुणाचं मानधन बुडवा असं लिहिलेलं नाही.

मी काय पाहिलं ते सांगतो. एका प्रहसनात नवरा तावातावानं बाहेर जातो आणि दार आपटतो. दार लागलं आणि सगळी भिंत थरथरली. त्या नटानं जाता जाता दोन बोटं भिंतीला लावली, ती थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला आणि मग मागे वळून वाक्य टाकलं. आमच्या वाड्यात पंचवीस माणसं सतरंजीवर बसलेली, सगळी फुटली. ती भिंत पक्की असती तर तो क्षण झालाच नसता. कमतरता अंगावर घेऊन नट खेळायचा, आणि तेच आज गेलं आहे. आता विनोद पुरा व्हायच्या आत ढणढण संगीत येतं, कॅमेरा खुर्च्यांत बसलेल्या मान्यवरांकडे वळतो आणि ते टाळ्या देत हसून दाखवतात. कुठे हसायचं हे मला दुसऱ्यानं सांगावं लागतं का?

वाईचा पेठकरी

मी २७ वर्षांचा. चिमणरावाचे जे थोडे भाग बघायला मिळतात ते आजीबरोबर बसून बघितले. प्रभावळकर अफलातून, त्यात वादच नाही. पण मधे इतका वेळ काहीच घडत नाही की मी दोनदा मोबाइल उचलला. आजी मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग विचारलं, नक्की कशाला हसलीस? तर म्हणाली, ‘तुझे आजोबा ह्याच वाक्याला मांडीवर थाप मारायचे.’ तुम्हा लोकांना कार्यक्रम आवडतो की तेव्हाचं घर आवडतं, हे आधी ठरवा. आजचे पोट्टे एका मिनिटात तीन विनोद करतात, त्यातला एक तरी लागतोच.

अँटेनावाला (सातारा)

चारभिंती, रागावू नका, पण ती भिंत सेटची होती की तुमच्या पडद्यावरची? एकोणीसशे पंचाहत्तरपासून ह्या शहरात मी अँटेना चढवल्यात. त्या काळी साताऱ्यात चित्र थरथरणं हा रोजचाच प्रकार.

मुंबईचा कार्यक्रम १९७३ पासून सिंहगडावरच्या केंद्रावरून पुण्याला मिळायचा. सिंहगड ते सातारा सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास, मधे डोंगरांच्या रांगा. पुण्यात घरातल्या घरात भागायचं, इथे वीस-पंचवीस फुटी जीआय पाइप, तीन बाजूंनी तारेचे ताण, वर जादा काड्यांची अँटेना आणि बूस्टर. मी कौलावर, घरमालक अंगणात, त्यांची मुलगी खिडकीत. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ संध्याकाळी सातला सुरू केलं की कधी बातम्या संपायच्या तरी पडद्यावरच्या मुंग्या जात नसत. अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेला असलेल्या गावाला निदान तोंड तरी मोकळं होतं. किल्ल्याच्या पाठीमागच्या वाड्यांवर मी पाइपावर पाइप जोडले, काही उपयोग झाला नाही. पैसे परत करून आलो.

गणपती पेठ (सांगली)

अँटेनावाल्यांनी मुद्द्याला हात घातला म्हणून मीही लिहितो. काका, ‘अख्खा महाराष्ट्र’ म्हणजे कोणता? साताऱ्याला ऐंशी किलोमीटरवरनं मुंग्या दिसत होत्या, आमची सांगली सिंहगडापासून दोनशेच्या घरात. आम्हाला मुंग्यासुद्धा दिसल्या नाहीत. गजरा आम्ही पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकला. दिवाळीला आत्तेभाऊ यायचा, अंगणात प्रहसन करून दाखवायचा आणि वर म्हणायचा, ‘तुमच्याकडे हे नसतं, नाही का?’ तो सूर अजून कानात आहे.

आणि टीव्ही आला तो कधी? १९८४ च्या आसपास सरकारनं देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांचा धडाका लावला, तेव्हा. त्यावर काय, तर दिल्ली. बातम्या हिंदी, मालिका हिंदी. मराठी मुलखात राहून मराठी कार्यक्रमाला मुकलो. माझी आई रोज संध्याकाळी विचारायची, ‘आपलं मराठी कधी लागणार रे?’ १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावाला मराठी नट बघायला मिळेनात आणि तुम्ही म्हणता सगळे एकत्र हसले!

चारभिंती (सातारा)

दिसत नव्हतं असं सरसकट म्हणू नका. माझा मावसभाऊ मिरजेला होता. साठ फुटी पाइप लावला होता त्यानं. गजरा बघितल्याचं त्यानं मला पत्रानं कळवलं होतं.

अँटेनावाला (सातारा)

साठ फूट काय, शंभर लावा. उन्हाळ्यात हवा तापून एखाद्या संध्याकाळी लांबचं केंद्र अचानक लागायचं, हे खरं. मलाही भलतीच केंद्रं लागलेली आहेत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. त्याला गजरा बघणं म्हणत नाहीत.

गणपती पेठ (सांगली)

एका मावसभावाच्या एका संध्याकाळीवरून सांगली जिल्ह्याची साक्ष काढणार का तुम्ही? आमच्या पेठेत तेव्हा कुणाच्या माडीवर काय होतं हे मला पाठ आहे. मिरजेचं पत्र असेल तर दाखवा, नाहीतर विषय सोडा.

चारभिंती (सातारा)

माणूस १९९८ साली गेला. त्याच्या पत्राचा पुरावा मागता? जरा तारतम्य ठेवा.

गणपती पेठ (सांगली)

गेलेल्या माणसाबद्दल वेडंवाकडं बोलायचं नव्हतं. शब्द मागे घेतो. सांगली गजराविनाच राहिली, हे मात्र मागे घेत नाही.

कवलापूर फाटा

आवो, तुमचं पाइपाचं भांडण वाचून वाचून दमलो. सातारा काय न् सांगली काय, टीव्ही व्हता कुणाच्या घरी ते सांगा की. मी सहावी-सातवीत साताऱ्याला काकाकडं शिकाय व्हतो. गल्लीत एकाच वाड्यात टीव्ही. आम्ही पोरं उंबऱ्याभाईर चपला काढून हुबी. मधल्या दाराच्या फटीतनं पडद्याचा डावीकडचा निम्मा भाग दिसायचा. उजवीकडचा नट काय करतोय ते नुसतं ऐकायचं. गर्दी झाली की आतनं दार लावून घ्यायचे. आतली माणसं हसायची आणि आम्ही भाईर एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो.

आणि आमच्यासारखं बोलणारा माणूस त्या पडद्यावर आला की तो गडी नायतर हवालदार. आमची बोली निघाली की हशा. वाक्यात विनोद असो नसो. ते तवाबी टोचायचं, आजबी टोचतं. नव्या कार्यक्रमांनीबी ते सोडल्यालं न्हाई, पेठकरीसाहेब.

बिनपैशाचा विनोद बघायचा तर आमच्या कवलापूरचे तमाशातले काळू-बाळू. शिवा-संभा तमासगिरांच्या घरातली जुळी भावंडं, एकाला झाकावं न् दुसऱ्याला काढावं. दोघं एका वेषात हुबे राहिले की बोलायच्या आधी लोक गडबडा लोळायचे. सेट न्हाई, फ्लॅट न्हाई, डोक्यावर पेट्रोमॅक्स. समोर जत्रंची हजारो माणसं, आणि दार लावून घ्यायची सोयच न्हाई. पण कृष्णाकाठताई म्हणतात ते खरं हाय. त्या गरिबीचं कौतुक तमाशात कुणी करत न्हाई. पावसानं फड बसला की पोरंबाळं उपाशी राहायची. कलावंत म्हातारे झाले की सरकारी मानधनासाठी कागद घिऊन हेलपाटे. गरिबीनं विनोद झाला म्हणणाऱ्यानं एक हंगाम फडाबरोबर ट्रकातनं हिंडून बघावं.

चारभिंती (सातारा)

तुम्ही वाडा कोणता ते लिहिलं नाही. आमचाही असू शकेल. आमच्याकडे दार लावत असत. आई लावायची. मी आत बसलेलो असायचो आणि दार कुणासाठी लागतंय हे मला ठाऊक होतं.

‘अख्खा महाराष्ट्र’ काढून टाकतो. सांगलीकरांनीही आता पाइप खाली उतरवावा. पण नटानं कमतरता अंगावर घेऊन खेळणं, हे माझं म्हणणं शाबूत आहे. काळू-बाळूंचं उदाहरण त्याच्याच बाजूनं जातं.

कृष्णाकाठ (सांगली)

ते नटाच्या बाजूनं जातं काका, दारिद्र्याच्या नव्हे. भिंतीला बोटं लावायचं सुचलं ते त्याच्या डोक्यातून. माझ्याकडेही फ्लॅट हलतात. दहातले नऊ नट घाबरून माझ्याकडे विंगेत बघतात.

आणि पैसे नव्हते म्हणून काय झालं हे पाहायचंच असेल तर हे बघा. टेपा महाग, म्हणून जुनं पुसून त्याच टेपेवर नवं चित्रण व्हायचं. तुमचा तो नट, ती दोन बोटं, सतरंजीवरची पंचवीस माणसं जिला हसली ती गोष्ट कदाचित पुढच्या महिन्यातल्या कुठल्याशा भाषणाखाली गेली. पेठकरीला ती दाखवायची म्हटलं तर दाखवणार काय? त्याला मिळतात ते उरलेसुरले भाग, आणि त्यावरून तो सगळ्याचा निकाल लावतो. मी तरी त्याला दोष कसा देऊ? त्या वेळी चार जादा टेपा घ्यायला पैसे असते तर हा वादच राहिला नसता.

वाईचा पेठकरी

टेपा पुसल्याचं माहीत नव्हतं. हे वाईट झालं. तरी कंटाळा आला होता, ते खोटं कसं सांगू? पूर्ण प्रहसन मिळालं तर परत बघेन. आजीला घेऊन नाही, एकटा.

चारभिंती (सातारा)

टेपेच्या बाबतीत मला उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र आहे माझ्याकडे. वडिलांनी टीव्हीपुढे स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून दोन-तीन गजरे कॅसेटवर घेतले होते. चित्र नाही, आवाज फक्त. वीस वर्षांपूर्वी एकदा लावून बघितली. नटांचे शब्द निम्मे कळत नाहीत, आमच्याच घरातलं हसणं त्यावर चढलेलं आहे. आई ‘सरका रे, मागच्यांना दिसू दे’ म्हणते तेही आहे. आणि एका ठिकाणी दार लावल्याचा आवाज आहे. तो सेटवरच्या दाराचा की आमच्या, आता मला खात्रीनं सांगता येत नाही.

पेठकरी, तुम्हाला ऐकायची असेल तर या. कवलापूर फाटा, तुम्हीही या. आत बसून ऐकू.

कवलापूर फाटा

दिवाळीनंतर साताऱ्याला काम हाय. तवा बघू.

अँटेनावाला (सातारा)

काका, ती कॅसेट आहे तशी मशीनला लावू नका. इतक्या वर्षांची टेप आतल्या आत चिकटलेली असते, रोलर ओढायला लागला की तुटेल. आधी माझ्याकडे आणा. हातानं दोनदा उलटसुलट गुंडाळून मोकळी करतो. दोन मशीन अजून चालू आहेत, एकाचा बेल्ट परवाच बदललाय.