जुन्या दुनळी बंदुकीत ७० मिमीचं काडतूस: घालावं की नाही?

नळीपारखी
चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती जागा) ६५ मिमीचं असेल तर ७० मिमीचं काडतूस घालू नये, असं माझं ठाम मत आहे. ते आत सहज बसतं आणि तिथेच फसगत होते. खोक्यावरची लांबी असते तोंड उघडलेल्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची. न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने सुमारे ५८ मिमीच भरतं. उडताना ती दुमड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उलगडते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो.

बाराबोर
लांबीचा एवढा बाऊ नको, दाब बघा. सीआयपी (बंदुका-काडतुसांच्या चाचणीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मानकात १२ बोरच्या (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) साध्या काडतुसाला ७४० बारची मर्यादा आहे, जादा दाबाच्या काडतुसाला १०५० बारची. ६५ मिमीहून लांब पुंगळीची, पण ‘६५ मिमी चेंबरला चालेल’ असं खोक्यावर छापलेली काडतुसं मिळतात. ती का नाकारायची?

नळीपारखी
छापलेलं असेल तर हरकत नाही. पण छापलेलं नसताना ‘२४ ग्रॅम छर्‍यांचं आहे, धक्का कमी, म्हणजे दाबही कमी’ हा हिशोब सर्रास चालतो, तो धोक्याचा आहे. धक्का ठरतो मुख्यतः छर्‍यांच्या वजनावर आणि वेगावर. दाबाचं शिखर दारू किती झपाट्याने जळते त्यावर. हलक्या भरणीने जुना दस्ता तडकायचा वाचेल, नळीची हमी त्यातून मिळत नाही.

ठसा_बघा
दोघंही बंदूक न बघताच काडतुसावर भांडताय. नायट्रो प्रूफचा (बिनधुराच्या दारूसाठीच्या दाबचाचणीचा) नळीवरचा ठसा सांगतो ती चाचणीच्या दिवसाची नळी. नंतर गंजाचे खड्डे घासून काढले असतील तर नळीची भिंत पातळ झालेली असते. आतला व्यास ठशावरच्या आकड्याशी ताडा, मग भिंतीची जाडी पूर्ण लांबीभर मोजून घ्या. कुठेही ०.५ मिमीच्या खाली गेली तर कुठलंच काडतूस नको. दमास्कस नळीत (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेल्या) गंज जोडांच्या आत लपतो, त्यामुळे ती भिंतीवर टांगलेलीच बरी.

बाराबोर
मोजण्याबद्दल पूर्ण सहमत. दमास्कसबद्दल नाही: नायट्रो प्रूफ उत्तीर्ण झालेल्या दमास्कस नळ्या आहेत. फक्त काळ्या दारूचा ठसा असेल तर मात्र बिनधुराच्या दारूचं ‘हलकं’ काडतूससुद्धा नको. शिशाला पर्याय हवा असेल तर पोलादी छर्रे जुन्या नळीत घालू नका, ते कठीण असतात, चोकपाशी (तोंडाजवळच्या अरुंद भागापाशी) नळी फुगवतात. बिस्मथ मऊ आहे, घनता ९.६ च्या आसपास, शिशाची ११.३.

नळीपारखी
आणि २० बोरची काडतुसं त्याच पिशवीत ठेवू नका. २० बोरचं काडतूस बारीक असतं, ते १२ बोरच्या चेंबरमधून पुढे सरकून अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, त्यामागे १२ बोरचं घातलं की नळी फुटते. २० बोरची पुंगळी पिवळी ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

ठसा_बघा
रंगावर विसंबू नका, जुन्या साठ्यात १२ बोरचीही पिवळी सापडतात. बुडावरचा आकडा वाचा.