पकडलेल्या प्रत्येक माणसाला 'जेरबंद' आणि 'कैदी' का म्हणायचं?

ओसरी:
माझ्या चुलतभावाला मागच्या वर्षी मारामारीच्या केसमधे अटक झाली. तो भांडण सोडवायला गेला होता. दोन दिवस पोलीस कोठडी मिळाली, तिसऱ्या दिवशी जामीन झाला. पण एका पेपरात फोटोसकट हेडिंग आलं, "चौघे जेरबंद", आणि त्याच पानावर खाली "बिबट्या जेरबंद". काकूला गल्लीतल्या बायका अजून विचारतात, कैदेतून आला ना गं तुझा मुलगा?

जेरबंद म्हणजे घोड्याच्या साजातला पट्टा, तोंडाकडून पुढच्या पायांमधून पोटपट्ट्याला बांधतात, घोड्याने डोकं वर झटकू नये म्हणून. हा शब्द जनावराला ठीक आहे, पण ज्याच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही त्या माणसाला तो लावायचा आपल्याला काय अधिकार? अटक वेगळी, कोठडी वेगळी, कारावास वेगळा. तुरुंग शिक्षा झाल्यावर येतो. हे शब्द सरमिसळ करून वापरले की माणसाची अब्रू जाते आणि ती जामिनावर परत मिळत नाही.

रात्रपाळी:
ताई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा पटला नाही. मी १४ वर्षं पेपरच्या डेस्कवर आहे, सिंगल कॉलम हेडिंगमधे 'न्यायालयीन कोठडी' बसतच नाही. आणि शब्दाचं मूळ उकरून काय होणार, 'तुरुंग' पोर्तुगीज त्रोंकोवरून आला, त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, मग पाय अडकवायचं लाकूड आणि मग बंदिशाळा (आपल्याकडेही खोडावरूनच खोडा झालाय बघा). आज तुरुंग म्हटल्यावर कोणाला लाकूड आठवतं? तसंच जेरबंद म्हणजे पकडले, वाचकाला एवढंच कळतं.

ओसरी:
जागेचं कारण देऊ नका हो. 'जेरबंद' चार अक्षरं, 'अटकेत' पण चारच. जागा तेवढीच लागते. मग जेरबंदच का लिहिता? कारण त्यात शिकार केल्यासारखं वाटतं, पोलीस जिंकले असं वाटतं.

काळा_डगला:
वकिली करतो म्हणून आधी ओसरींची एक चूक सांगतो. तुरुंग शिक्षेनंतरच येतो हे बरोबर नाही. पोलीस कोठडी म्हणजे बहुतेक वेळा ठाण्यातलं लॉकअप, पण न्यायालयीन कोठडी म्हणजे सरळ कारागृहच. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांमधे साधारण ७५ टक्के लोक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे. त्यामुळे तुरुंगात आहे म्हणजे गुन्हेगार आहे हा समजच मुळात चुकीचा.

आणि पेपरवाल्यांना एकट्यालाच कशाला धरायचं, 'स्थानबद्ध' बघा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही, पण राहायचे घरात, गावात फिरायचे, बोलायचे. म्हणजे शब्दाप्रमाणे, स्थानाला बांधलेले. आता १९८१ च्या एमपीडीए (झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंवरचा महाराष्ट्राचा) कायद्याखाली माणूस स्थानबद्ध झाला म्हणजे तो कारागृहात जातो, खटला न चालवता, जास्तीत जास्त १२ महिने. माझ्याकडे एका मुलाची आई आली होती, हातात आदेशाची झेरॉक्स, मला म्हणाली, "साहेब, स्थानबद्ध म्हणजे घरीच बसवणार ना, मग घरी कधी आणायचा त्याला?" काय सांगणार तिला. एवढ्या कडक गोष्टीला इतका मऊ शब्द दुसरा नसेल. त्यात काही लोक तडीपारीशी पण गल्लत करतात, तडीपारीत तर उलट हद्दीबाहेर काढतात.

चिंचेखाली:
मी रात्रपाळींच्या विरुद्ध. आमचे वडील आणीबाणीत आत होते. कोणी कैदी म्हटलं की लगेच थांबवायचे, "कैदी नाही, मिसाबंदी." (मिसा म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवायचा तेव्हाचा कायदा.) शेवटपर्यंत तेच. आतल्या माणसाला शब्दाचा फरक पडतो.

मावशीबोली:
सगळे पोलीस आणि पेपर यावरच बोलताय, घरातल्या कोंडण्याचं काय? मी बायकांच्या समुपदेशनाचं काम करते. एकीला नवरा रोज कामाला जाताना बाहेरून कडी घालून जायचा, खिडकीतून शेजारच्या पोरीकडे पाणी मागायची ती. तोंडाने सांगितलं, "मला कोंडतो". कागदावर उतरलं, "पत्नीस घरीच ठेवत असे". घरीच ठेवत असे!! वाचून कोणालाही वाटेल नवरा किती काळजी घेतो. कायद्यात वाट अडवणं वेगळं आणि कोंडणं वेगळं आहे, अडवण्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद आणि कोंडण्याला एक वर्षापर्यंत, भारतीय न्याय संहितेची कलमं १२६ आणि १२७, आधी दंड संहितेत ३४१ आणि ३४२ होती. त्या एका शब्दाने सगळी तक्रारच हलकी झाली.

सातबारा:
पण मावशी, कोंडणं हा रोजचा शब्द आहे, आपण कोंबड्या कोंडतो, परीक्षेच्या आधी पोरं स्वतःला खोलीत कोंडून घेतात, प्रत्येक कोंडण्याला गुन्हा कसं म्हणायचं? मग 'डांबून ठेवलं' लिहावं, त्यात जबरदस्ती स्पष्ट दिसते.

मावशीबोली:
ती डांबलं म्हणालीच नाही ना, कोंडतो म्हणाली. तुम्ही जड शब्द घातला की कोर्टात समोरचा वकील विचारतो, "डांबलं म्हणजे नक्की काय केलं?" आणि ती गांगरते, कारण तो शब्द तिचा नाहीच. कडी बाहेरून होती एवढं लिहा आणि तिचाच शब्द ठेवा. अभ्यासाला बसलेल्या पोराच्या खोलीची कडी आतून असते.

काळा_डगला:
मावशींशी सहमत. बाईंचा शब्द जसाच्या तसा घ्यायला पाहिजे, पुढे उलटतपासणीत तोच टिकतो.

रात्रपाळी:
'अटकेत' मान्य, अक्षरांचा हिशोब बरोबर आहे, आज रात्रीपासून करून बघतो. कैदी शब्दाबद्दल मात्र अजून पटलं नाही, 'न्यायाधीन बंदी' लिहिलं तर कोणी वाचणार नाही, 'कच्चा कैदी' लोकांना कळतं, तोच ठेवणार. अडचण स्थानबद्धची आहे. प्रेसनोटमधे तोच शब्द येतो, मी माझ्या मनाने 'खटल्याविना कारागृहात' केलं तर सकाळी साहेब मलाच विचारणार हे कुठून आणलं.

काळा_डगला:
आदेशातून आणलं म्हणा. कुठलं कारागृह आणि किती मुदत, हे आदेशाच्या कागदांत बघून घ्या. मुदत पण छापा, घरचे लोक पेपरात आधी तीच शोधतात.