सातेरीच्या जुन्या पोळ्यांतून स्वच्छ मेण कसे मिळवावे?

कुळागरकर (सत्तरी)

नमस्कार. आमच्या कुळागरात (सुपारी-माडाच्या बागेत) माझ्याकडे सातेरी मधमाश्यांच्या सहा पेट्या आहेत. गेल्या दोन वर्षांत दोन वसाहती पेटी सोडून निघून गेल्या, काही पोळी जुनी म्हणून मीच काढली, आणि हे सर्व एका पोत्यात साठवत गेल्यावर वजन सुमारे सात किलो भरले. मेणकिडा लागू नये म्हणून पोत्यात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्या होत्या.

मागच्या आठवड्यात त्यांपैकी तीन किलो पोळी न्हाणीघरातल्या तांब्याच्या भाणात, विहिरीच्या पाण्यात घालून चांगली दोन तास खळखळ उकळली आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळली. दुसऱ्या दिवशी जो थर हाती आला, तो वरून हिरवट-करडा आणि खालून स्पंजासारखा भुसभुशीत होता. दाबल्यावर त्यातून पाणी निघत होते. ते पुन्हा वितळवून गाळले, तरी फारसा फरक पडला नाही. मेण नेमके कोठे बिघडले, आणि उरलेल्या चार किलोंसाठी वेगळे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. पुतण्या लाकडी खेळणी करतो, त्यांवर हात फिरवण्यासाठी, तसेच घरी भिरंडेल (कोकमाच्या बियांचे घट्ट तेल) घालून ओठांचे मलम करण्यासाठी हे मेण हवे आहे. भाणाच्या आतल्या बाजूला मेणाचा थर बसला असून त्यावरून आईने माझ्याशी बोलणे कमी केले आहे, तेव्हा त्यावरही उपाय असल्यास कळवावा.

पेटीवाला (काणकोण)

आपण गाळण्याकडे लक्ष दिलेत, पण बिघाड त्याच्या आधीच झालेला आहे. मेण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे ते पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी सुटे होते. 85 अंशांच्या पुढे त्याचा रंग काळवंडू लागतो आणि वासही उतरतो. त्यात दोन तासांची खळखळ म्हणजे पोळ्यातला उरलासुरला मध, पराग, मेलेली पिल्ले आणि मेण यांचे घुसळण झाले. आपल्याला खाली मिळालेला स्पंज म्हणजे मेण आणि पाणी एकमेकांत अडकून झालेले मिश्रण आहे. कठीण पाण्यातील चुन्यामुळेही असे होते, परंतु जांभ्या दगडाच्या आपल्या भागात विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते, त्यामुळे माझा संशय उकळीवरच अधिक आहे. हिरवट छटा तांब्याची. मेणात मुक्त आम्ले असतात आणि ती तांबे, पितळ, लोखंड व जस्त यांच्याशी रंग धरतात, म्हणून भांडे स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे घ्यावे. आपल्या विहिरीच्या बादलीवर तांबूस डाग पडत असतील तर पाण्यात लोह आहे असे समजावे आणि पावसाचे साठवलेले किंवा शुद्ध केलेले पाणी वापरावे. पाण्यात लिटरमागे चमचाभर माडाच्या सुरेचे व्हिनेगर टाकल्यास मेण पाण्यापासून चांगले सुटते. आंबट म्हणून कोणी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालू नये, त्यात मीठ आणि रंग दोन्ही असतात.

आता उरलेल्या चार किलोंबद्दल. पोळी आधी निवडून घ्या. ज्यांत पिल्ले कधीच वाढली नाहीत ती पिवळसर पोळी आणि मधाच्या घरांवरून कापलेली पातळ झाकणे एका बाजूला. काळी, जड पोळी दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकत्र वितळवली तर चांगले मेण वाईटाच्या रंगाला जाते, उलटे कधी होत नाही. काळ्या पोळ्याच्या प्रत्येक घरात, जितक्या पिढ्या वाढल्या तितक्या कोशांचे अस्तर असते, आणि कोरडे अस्तर वितळलेले मेण टिपकागदासारखे शोषून घेते. म्हणून ही पोळी चुरून एक संपूर्ण दिवस पाण्यात बुडवून ठेवावी. अस्तर पाण्याने भरले की मेणाला त्यात जागा उरत नाही, आणि मधही निघून जातो. हे पाणी पेट्यांपासून लांब टाकावे, नाहीतर माश्यांची लूटमार सुरू होईल.

त्यानंतर पोळी गोणपाटाच्या पिशवीत बांधून, वर स्वच्छ दगड ठेवून, पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात मंद आचेवर ठेवावी. थर्मामीटर नसला तरी चालते: पाण्यावर वाफ दिसावी, तळातून बारीक बुडबुडे सुटावेत, पण उकळी फुटू नये. तासभर अधूनमधून लाकडाने पिशवी दाबत राहा, मग ती पिळून बाहेर काढा. खरे काम यापुढे आहे, आणि ते आपण करायचे नाही. टोपावर झाकण ठेवा, टोप जुन्या घोंगडीत किंवा भाताच्या तुसात गुंडाळा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. मेण पाण्याहून किंचितच हलके, म्हणजे पाण्याच्या 0.96 पट असते, त्यामुळे गाळ खाली बसायला आणि मेण वर यायला भरपूर वेळ लागतो. चटकन थंड केल्यास गाळ मेणातच अडकतो, शिवाय वडीला तडे जातात. सकाळी वडीच्या बुडाला चिकटलेला तपकिरी थर सुरीने खरवडून काढावा आणि मग ती वडी पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या दुसऱ्या पातेल्यात वितळवून जाड सुती कापडातून गाळावी. मेण चुलीवर थेट कधीही ठेवू नये. सुमारे 200 अंशांवर त्याची वाफ पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतणे म्हणजे आग अंगावर घेणे, तेव्हा झाकण जवळ असू द्यावे.

एक अप्रिय गोष्ट शेवटी सांगतो. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि द्रव्य मेण शोषून घेते, आणि ते धुऊन किंवा गाळून जात नाही. त्या पोत्यातले मेण ओठांवर लावू नये, लहान मुले तोंडात घालतील अशा खेळण्यांवरही नको. वितळवायचे झाल्यास उघड्यावर वितळवा.

डोंगरवाट (सांगे)

एवढा खटाटोप कशाला करायचा, हे मला कळत नाही. आतून काळी रंगवलेली लाकडी पेटी, वर काच, आत उताराचा पत्रा आणि पत्र्याच्या टोकाशी पाण्याचे भांडे, एवढ्यावर मार्च ते मे या महिन्यांत माझे सर्व मेण उन्हातच वितळते. जळण नाही, काळवंडण्याची भीती कमी, आणि ऊन लागल्याने रंगही उजळतो.

पेटीवाला (काणकोण)

झाकणांसाठी आणि नव्या पोळ्यांसाठी आपली पद्धत माझ्या पद्धतीहून सरस आहे, हे मान्य. काळ्या पोळ्यांतून मात्र उन्हात मेण निथळते ते थोडे. बाकीचे त्या अस्तरातच राहून चोथ्याबरोबर फेकले जाते. आपण टाकून दिलेला चोथा एकदा गोणपाटात बांधून गरम पाण्यात दाबून पाहावा.

ओतारी (डिचोली)

कुळागरकर यांना विनंती की डांबरगोळीचे मेण फेकू नये. मी लहान मूर्ती मेणाच्या साच्याने ओततो. या रीतीला जुन्या संस्कृत शिल्पग्रंथांत मधूच्छिष्टविधान म्हटले आहे, म्हणजे मेण हे मधाचे उष्टे. आणि उष्ट्याचा रंग कोण पाहतो? आमच्या कामात मेण शेवटी वितळून साच्याबाहेर जाते, त्यामुळे काळे-पिवळे सारखेच. मात्र आत माती किंवा कोशांचे कण राहिले असतील तर ते जळून साच्यात राख उरते आणि धातूवर खड्डे पडतात. पाणी राहिले असेल तर साचा तापवताना तडकतो. म्हणून शेवटच्या वितळण्यात मेणातून बुडबुडे येणे पूर्ण थांबेपर्यंत ते पाण्याच्या पातेल्यावर तसेच ठेवावे. पुढे त्यात राळ आणि थोडे तेल मिसळून मी ते हवे तितके चिवट करतो. वास उग्र असला तरी माझी भट्टी उघड्यावर आहे.

रानमेवा (फोंडा)

मलमापुरते लिहिते. मलमासाठी केवळ या हंगामातील झाकणांचे मेण घ्या. एक भाग मेण, एक भाग भिरंडेल आणि दोन भाग खोबरेल, सर्व वजनाने, हे प्रमाण मी आपल्या उन्हाळ्यात वापरते. पावसाळ्यात खोबरेल थोडे वाढवावे लागते. भिरंडेल आधीच घट्ट असल्याने मेण जास्त झाल्यास मलम ओठांवर ओढले जाते.

टाकणखार (बोरॅक्स) घालून पांढरे क्रीम करण्याची जी कृती सर्वत्र दिसते, ती युरोपीय मधमाशीच्या मेणासाठी बेतलेली आहे. तिच्यात मेणातील मुक्त आम्ले आणि टाकणखार यांचा संयोग होऊन तेल व पाणी एकत्र धरले जातात. आशियाई मधमाश्यांच्या मेणात ही आम्ले बरीच कमी असतात, त्यामुळे सातेरीच्या मेणावर तेच प्रमाण वापरले की क्रीम फाटते. माझे दोन घाणे असे फुकट गेले, तेव्हा कोठे कारण लक्षात आले. सातेरीच्या मेणाची एक जमेची बाजूही आहे: युरोपीय माशीप्रमाणे ती झाडांचा डिंक आणून पेटीत लिंपत नाही, म्हणून तिचे मेण चिकट डागांपासून मोकळे असते.

खेळण्यांसाठी एक भाग मेण आणि चार भाग जवसाचे तेल घ्यावे. खोबरेल लाकडात वाळत नाही आणि काही महिन्यांनी खवट वास देते. तेलाचे फडके वापरून झाल्यावर चुरगळून टाकू नये, पसरून वाळवावे. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

कुळागरकर (सत्तरी)

सर्वांचे आभार. चार किलो पोळी निवडली तेव्हा त्यांत पिवळी म्हणावी अशी जेमतेम पाव किलो निघाली, पण तीही त्याच पोत्यातली असल्याने सर्वच ओतकामासाठी बाजूला काढली. एक दिवस भिजवून, उकळी न येऊ देता, पिशवी दाबून आणि रात्रभर तुसात ठेवून सुमारे साडेआठशे ग्रॅमची गडद तपकिरी वडी मिळाली. तिच्या बुडाचा थर खरवडताना पहिल्यांदाच लक्षात आले की मागच्या वेळी मी हा सगळा गाळ मेणासकट फडक्यावर ओतत होतो. आधीचा हिरवट स्पंजही व्हिनेगरच्या पाण्यात पुन्हा मंद आचेवर ठेवला. पाणी सुटले, रंग मात्र तसाच राहिला. हे दोन्ही ओतारी यांना पोचवीन.

मलमासाठी आणि खेळण्यांसाठी या हंगामातील झाकणे डोंगरवाट यांच्या पद्धतीने उन्हात ठेवली. एकशे तीस ग्रॅम मेण मिळाले, आणि त्याला अजून मधाचा वास आहे.

आता पुढच्या पोळ्यांविषयी विचारतो: डांबरगोळ्या नाहीत, तर मेणकिड्यापासून ती राखावीत कशी? भाणाचा प्रश्नही शिल्लक आहे.

पेटीवाला (काणकोण)

पोळी साठवूच नयेत, हे उत्तम. सातेरीच्या पोळ्यांना मेणकिडा फार लवकर लागतो, आणि आपल्या पावसाळ्यात पोते उघडले की आत जाळ्यांशिवाय काही उरत नाही. काढलेली पोळी त्याच आठवड्यात वितळवावीत, निदान मृग लागण्यापूर्वी सर्व संपवावे. थोडीच असतील तर दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवून हवाबंद डब्यात भरावीत. थंडीने किड्याची अंडीसुद्धा मरतात. वितळवलेल्या स्वच्छ वडीच्या वाटेला मेणकिडा सहसा जात नाही, कारण त्याला पोळ्यातले पराग आणि कोशांचे अवशेष खायला लागतात, नुसते मेण पुरत नाही. काही महिन्यांनी वडीवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी समजू नका, जरा ऊब दिली की जाते.

भाण काठोकाठ पाण्याने भरून त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाका, खाली जाळ करा, आणि पाणी चांगले तापल्यावर तसेच थंड होऊ द्या. मेण वर तरंगून गोठेल, ते हाताने उचलून घ्या. पाणी न्हाणीच्या मोरीत ओतू नका, उरलेले मेण गटारात जाऊन घट्ट होते. ते दूर रानात टाका. असे दोनदा केल्यावर मग चिंच आणि राख घेऊन घासावे लागेल, आणि ते आईने नव्हे, आपण घासावे.