उन्हाचा इशारा दिला, पण बुडालेल्या रोजाचं काय?

पाऊलवाट:
मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला, मग इतर शहरांनीही तोच कित्ता गिरवला. पण भर सगळा इशाऱ्यांवर. भर दुपारी स्लॅबवर घमेलं उचलणाऱ्याच्या खिशात मेसेज वाजतो: उन्हात जाऊ नका. सकाळपासून त्याला लघवी झालेली नाही, आणि खाली उतरला तर खाडा पडतो. म्हणून म्हणतो, आरोग्याचा पैसा आधी बुडालेल्या रोजाला द्या. 'सेवा' संघटनेने २०२३ मध्ये महिला कामगारांसाठी असा विमा सुरूही केला. पारा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की भरपाई.

कंदील:
अजिबात पटत नाही. आजच्या बांगलादेशात १९७०च्या चक्रीवादळात तीन लाखांवर माणसं गेली, २००७च्या 'सिद्र'मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. पूर्वसूचनेने माणसं वाचतात ती अशी. मजुरी भरून देणं हे आरोग्य खात्याचं काम नव्हे.

पाऊलवाट:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. तिथे भोंगे घेऊन फिरणारे स्वयंसेवक होते, तसे निवारेही बांधले होते. पळायला जागा होती. मजुराने कुठे पळायचं? कतारने २०२१ पासून ऐन उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंदच केलंय. आणि खातं कुठलंही असो, चक्कर येऊन पडलेला माणूस शेवटी दवाखान्यातच येतो.

ओलावा:
२००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेने सुमारे १५,००० माणसं गेली. बहुतेक म्हातारी, कित्येक घरात एकटी. त्यांचा ना रोज बुडत होता, ना ती उन्हात गेली होती. रात्रीही पारा उतरत नाही तेव्हा शरीराला उसंतच मिळत नाही. अशांचं दार वाजवणारं कोणीतरी हवं.
मी वॉर्डात काम करते. उष्माघाताच्या पेशंटला नातेवाईक तापाची गोळी देऊन वाट बघतात. या तापावर ती चालत नाही हो! कपडे सैल करून, अंग गार पाण्याने भिजवून वारा घालायचा, तोही पहिल्या अर्ध्या तासात. माणूस गेला की दाखल्यावर मात्र हृदय बंद पडलं एवढंच येतं.

कंदील:
दाखल्याचं अगदी खरं. मोजदादच नसेल तर पैसा कुठे लावायचा हे कळणार कसं? तरी पाऊलवाट, पहिला पैसा मी दार वाजवणाऱ्या कार्यकर्तीलाच देईन.

पाऊलवाट:
द्या की. पण ती दुपारी बाराला दार वाजवेल तेव्हा मी म्हणतोय तो माणूस स्लॅबवर असेल.